ऑलिंपिक वर्षभर कसं बघायचं: पुण्यातल्या नव्या प्रेक्षकासाठी पायरीपायरीने

ऑलिंपिक सोळा-सतरा दिवसांत आटोपतं. त्यात उतरणारे खेळाडू मात्र मधली वर्षं रिकामे बसलेले नसतात. विश्वचषक, जागतिक स्पर्धा, पात्रता फेऱ्या असं काहीतरी दर आठवड्याला कुठेतरी चालू असतं आणि त्यातलं बरंचसं फुकट बघता येतं. अडचण अशी की ते एका जागी मिळत नाही, आणि आज दिसलेलं उद्या का दिसत नाही हे कोणी समजावून सांगत नाही. पुण्यातल्या घरी बसून, मोबाइल आणि टीव्हीवर, हे सगळं नीट कसं बसवायचं ते पुढे दिलं आहे.

आधी ही सेवा म्हणजे काय

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 'ऑलिंपिक चॅनल' सुरू केलं ते २१ ऑगस्ट २०१६ला, रिओ ऑलिंपिकच्या समारोपाच्या दिवशी. दिवस मुद्दाम निवडलेला होता: स्पर्धा संपली की लोकांचं लक्ष उडतं, ते उडू नये. २०२१मध्ये, टोकियोच्या तोंडावर, हे चॅनल ऑलिंपिक्स डॉट कॉम या संकेतस्थळात मिसळलं. आता संकेतस्थळ आणि 'ऑलिंपिक्स' नावाचं ॲप ही एकाच सेवेची दोन दारं आहेत. पैसे लागत नाहीत.

इथे काय मिळतं? पात्रता स्पर्धांची आणि काही जागतिक स्पर्धांची थेट प्रक्षेपणं, जुन्या ऑलिंपिकमधल्या लढती, खेळाडूंवरच्या मालिका, निकाल, वेळापत्रकं. काय मिळत नाही? भारतात बसलेल्याला खुद्द ऑलिंपिकचं थेट प्रक्षेपण. नवा माणूस इथेच ठेचकाळतो. ज्यांचं ऑलिंपिक त्यांचंच ॲप, म्हणजे सगळं तिथे दिसेल, असं वाटणं साहजिक आहे. पण उद्घाटनाच्या रात्री ॲप उघडावं तर 'हा व्हिडिओ तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही'.

कारण साधं आहे. स्पर्धेचं चित्रण समितीची ऑलिंपिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस ही कंपनी करते, आणि ते दाखवण्याचे हक्क देशवार विकले जातात. भारतातले हक्क ज्याने मोजून घेतले, त्याच्या दारात समिती स्वतः फुकट दुकान मांडत नाही. टोकियोच्या वेळी हे हक्क सोनीकडे होते. पॅरिसच्या वेळी व्हायाकॉम१८कडे, म्हणून २०२४मध्ये सगळं जिओसिनेमावर आणि स्पोर्ट्स१८वर दिसलं. पुढे फेब्रुवारी २०२५मध्ये जिओसिनेमा आणि डिस्नी प्लस हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. म्हणजे 'मागच्या वेळी जिथे बघितलं तिथेच' हा हिशेब दर वेळी चुकू शकतो. कोणत्याही मोठ्या स्पर्धेच्या दोन आठवडे आधी हक्क कोणाकडे आहेत ते बघून ठेवा. आदल्या रात्री नको, कारण नेमकं तेव्हा नवं ॲप टाकणं, ओटीपी येणं, पैसे भरणं यात उद्घाटन निघून जातं.

तेव्हा कामाची विभागणी अशी ठेवा: ऑलिंपिकचे दिवस हक्कदार कंपनीच्या ॲपवर, आणि बाकीचं सगळं ऑलिंपिक्स ॲप व खेळांच्या महासंघांच्या चॅनलवर.

पायरी १: ॲप आणि खातं

प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवर शोधताना प्रकाशकाचं नाव बघा; ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचंच हवं. मोठ्या स्पर्धेच्या आगेमागे मिळत्याजुळत्या नावाची आणि चिन्हाची ॲप उगवतात. त्यातली बरीच जाहिराती दाखवण्यापलीकडे काही करत नाहीत, काही मात्र संपर्कयादी आणि मेसेज वाचायची परवानगी मागतात. खेळ बघायला यातलं काहीच लागत नाही.

निकाल आणि बातम्या खात्याशिवाय वाचता येतात. काही थेट प्रक्षेपणांसाठी मात्र आधी नोंदणी मागितली जाते, म्हणून खातं आजच करून टाका. ईमेल पडताळणीचा मेल हमखास 'प्रमोशन्स' किंवा स्पॅममध्ये जाऊन बसतो. तो उघडून दुवा दाबेपर्यंत खातं अर्धवटच राहतं आणि लॉगिन होत नाही.

भाषांमध्ये हिंदी आहे, मराठी नाही. हिंदीत भारतीय खेळाडूंच्या बातम्या चांगल्या असतात. तपशील आणि आकडे इंग्रजीत जास्त. आम्ही इंग्रजी ठेवून हिंदीत अधूनमधून डोकावायला सांगतो.

पायरी २: देश निवडू नका, माणसं निवडा

ॲप आवडीचे खेळ, संघ, खेळाडू विचारतं. बहुतेक जण 'भारत' दाबून पुढे जातात आणि मग दिवसाला इतक्या सूचना येतात की दोन दिवसांत त्या बंद केल्या जातात. त्यापेक्षा दोन खेळ आणि पाच-सहा खेळाडू निवडा. आपल्याकडे निवडीला तोटा नाही: नेमबाजीत स्वप्नील कुसाळे, जो पुण्यात मध्य रेल्वेत नोकरी करत पॅरिसला कांस्यपदकापर्यंत पोहोचला, स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) बीडचा अविनाश साबळे, कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या, तिरंदाजीत साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही २०२३च्या बर्लिन जागतिक स्पर्धेतले वैयक्तिक विजेते.

शोधताना लक्षात ठेवा की निकालपत्रकात आडनाव आधी, मोठ्या अक्षरांत येतं, आणि रोमन लिपीत 'ळ' नसल्याने साबळे-कुसाळे 'एल' घालून लिहिलेले असतात. देशाच्या तीन अक्षरी खुणेतही गफलत होते: आय-एन-डी म्हणजे भारत, आय-एन-ए म्हणजे इंडोनेशिया. बॅडमिंटनच्या यादीवर घाईत नजर टाकली तर पाऊण यादी आपलीच वाटते.

पायरी ३: वेळ

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर.

ॲपमधल्या वेळापत्रकावर वेळ कुठली लिहिली आहे ते आधी तपासा: यजमान शहराची की तुमच्या फोनची. पडताळायची सोपी रीत म्हणजे एखाद्या कार्यक्रमाची वेळ भारतीय बातम्यांत आलेल्या वेळेशी ताडून बघणं. साडेतीन, साडेचार, साडेपाच असा अर्ध्या तासाचा फरक दिसला तर ती यजमानांची वेळ.

मध्य युरोप उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो, हिवाळ्यात साडेचार. घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. अमेरिकेत तोच बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. म्हणून मार्चमध्ये एखादी मालिका बघत असाल तर मधल्याच एका सोमवारी सगळं तासभर अलीकडे सरकलेलं सापडेल. ॲप बिघडलेलं नसतं.

तारखेचा घोळ त्याहून वाईट. पॅरिसमध्ये स्टीपलचेसची अंतिम शर्यत तिथल्या ७ ऑगस्टच्या रात्री होती. आपल्याकडे ती ८ ऑगस्टच्या पहाटे १ वाजून १३ मिनिटांनी धावली गेली. त्याच ८ तारखेच्या रात्री ११:५५ला भालाफेकीची अंतिम फेरी. 'आठ तारखेची रात्र' म्हटलं की यातली कुठली, हे प्रत्येकजण आपापल्या सोयीने ठरवतो. स्वप्नीलची अंतिम फेरी मात्र १ ऑगस्टला दुपारी एक वाजता होती. ऑफिसच्या डब्याची वेळ.

पुढच्या स्पर्धांचा हिशेब करून ठेवायला हरकत नाही. ग्लासगोची राष्ट्रकुल स्पर्धा २३ जुलै ते २ ऑगस्ट २०२६. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे इथले रात्रीचे साडेअकरा. आइची-नागोयाची एशियाई स्पर्धा १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६. जपान साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथलं सकाळचं नऊचं सत्र इथे पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळच्या अंतिम फेऱ्या आपल्या दुपारी. डाकारचं युवा ऑलिंपिक ३१ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२६. सेनेगल साडेपाच तास मागे. लॉस एंजेलिस १४ ते ३० जुलै २०२८. तिथे उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, त्यामुळे त्यांची संध्याकाळची सहाची फेरी आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला. लवकर उठणाऱ्यांसाठी इतकं सोयीचं ऑलिंपिक बऱ्याच वर्षांत झालेलं नाही.

यातल्या राष्ट्रकुल आणि एशियाई स्पर्धा ऑलिंपिक समितीच्या नाहीत. त्यांचे आयोजक वेगळे, हक्क वेगळे. ऑलिंपिक्स ॲपवर त्यांच्या बातम्या येतील. थेट चित्र दुसरीकडेच शोधायचं. ग्लासगोबद्दल आणखी एक: खर्च आटोक्यात ठेवायला तिथे फक्त १० खेळ ठेवले आहेत. हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन, नेमबाजी, टेबल टेनिस त्यात नाहीत. वेळापत्रकात कुस्ती सापडली नाही म्हणून ॲप पुन्हा टाकत बसू नका.

फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना बेरीज-वजाबाकी डोक्यात करू नका. गूगल कॅलेंडरमध्ये कार्यक्रमाला टाइम झोन देता येतो: तिथे लॉस एंजेलिस निवडा, स्थानिक वेळ टाका, बाकीचं तेच करेल, घड्याळबदलासकट. सूचना दोन लावा. एक बारा तास आधीची, म्हणजे दिवस आखता येतो. दुसरी पंधरा मिनिटं आधीची. आणि हे ध्यानात असू द्या की वेळापत्रकातली वेळ बहुधा सत्राची असते. ॲथलेटिक्सचं सत्र सातला सुरू झालं तरी तुमची शर्यत साडेआठला असू शकते; सत्र उघडून आतली क्रमवार यादी बघा.

पायरी ४: महासंघांची चॅनलं

वर्षभराचा खरा माल इथे आहे. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची 'वॉच हॉकी' ही स्वतःची सेवा आहे. बॅडमिंटनचं 'बीडब्ल्यूएफ टीव्ही', नेमबाजी महासंघ, जागतिक तिरंदाजी, 'वर्ल्ड टेबल टेनिस' (डब्ल्यूटीटी) हे सगळे यूट्यूबवर आहेत. दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धांसाठी 'पॅरालिंपिक गेम्स' हे यूट्यूब चॅनल चांगलं आहे. कुस्तीचं जागतिक संघटन थेट प्रक्षेपण आपल्या संकेतस्थळावर, बरंचसं पैसे घेऊन, दाखवतं.

हक्कांचा नियम इथेही लागू. ॲथलेटिक्सच्या डायमंड लीगसारखी मालिका ज्या देशात विकली गेलेली नसते तिथे आयोजक यूट्यूबवर मोकळी सोडतात. विकली गेली की तोच दुवा तुमच्यासाठी बंद. एकाच मोसमात मेमध्ये दिसलेली स्पर्धा जुलैमध्ये गायब होऊ शकते. व्हीपीएन लावून दुसऱ्या देशातले असल्याचं भासवायचा सल्ला कोणीतरी देतंच. सेवेच्या अटी त्याने मोडतात, फुकटातले काही व्हीपीएन तुमचा माग विकतात आणि वेगही मारतात. आम्ही तो सल्ला देणार नाही.

वर्षाचा साधारण आराखडा असा: नोव्हेंबर ते मार्च बर्फावरचे खेळ आणि बंदिस्त मैदानातली ॲथलेटिक्स, एप्रिलपासून नेमबाजी आणि तिरंदाजीचे विश्वचषक, मे ते ऑगस्टअखेर डायमंड लीग, ऑगस्ट ते ऑक्टोबर जागतिक स्पर्धांची गर्दी. आपल्याकडचा प्रेक्षक बर्फाचे खेळ सहसा सोडून देतो. सोडू नका, फार तर बायथलॉनपासून सुरुवात करा: स्कीवर दमून येऊन श्वास आवरत पाच गोळ्या झाडायच्या आणि चुकलेल्या प्रत्येक गोळीची शिक्षा भोगायची. एकदा बघितलं की नियम विचारावा लागत नाही.

पायरी ५: घरातली जोडणी

आकडेमोड एका ओळीत: १ एमबीपीएस वेगाचं चित्र तासाला ०.४५ जीबी खातं. चांगलं स्पष्ट चित्र ५ एमबीपीएस धरलं तर तासाला सव्वादोन जीबी. रोज २ जीबीचा मोबाइल पॅक असेल तर तो ५३ मिनिटांत संपतो, म्हणजे हॉकीच्या एका सामन्यालाही पुरत नाही. दर्जा कमी करून १ एमबीपीएसवर आणला तर तोच पॅक साडेचार तासांच्या आसपास चालतो. धावणं, कुस्ती, भारोत्तोलन कमी दर्जातही नीट दिसतं. हॉकीचा चेंडू आणि बॅडमिंटनचं फूल दिसत नाही, तिथे वायफायच हवं.

टीव्हीच्या ॲप स्टोअरमध्ये ऑलिंपिक्स ॲप सापडलं तर ठीक. नसेल तर मोबाइलवरून कास्ट करा, म्हणजे फोनवरचं चित्र वायफायने टीव्हीवर पाठवा. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. राउटर '२.४' आणि '५' अशी दोन नावं दाखवत असेल आणि फोन एकावर, टीव्ही दुसऱ्यावर असेल तर काही राउटर त्यांची गाठ घालून देत नाहीत. दोघांना एका नावावर आणा. सदाशिव-नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींमधून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फार आत पोहोचत नाही, तिथे २.४ बरा. बाणेर-वाकडच्या टॉवरमध्ये उलट: वीस शेजाऱ्यांचे राउटर २.४वर भांडत असतात, तिथे ५ घ्या. टीव्ही हलणार नसेल तर सरळ लॅन केबल ओढा. दहा मीटर केबल बाकी सगळ्या उपायांना पुरून उरते.

वीज. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात आणि खेळांच्या वेळापत्रकाला त्याची फिकीर नसते. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या, पण आधी राउटरच्या ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा: १२ व्होल्ट १ अँपिअर आणि १२ व्होल्ट २ अँपिअर यांत फरक आहे, कमी अँपिअरचा यूपीएस घेतला की राउटर पुन:पुन्हा बंद-चालू होत राहतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही यूपीएस हवा. एवढं करूनही इंटरनेट गेलं तर बघा, तुमच्या केबलवाल्याचा स्विच सोसायटीच्या डक्टमध्ये किंवा गच्चीवर आहे का. तो इमारतीच्या विजेवर चालतो आणि त्याला बॅकअप नसेल तर तुमच्या यूपीएसचा काही उपयोग नाही. सोसायटीच्या जनरेटरवर तो स्विच जोडून घेणं हा कायमचा उपाय. सेक्रेटरींना क्रिकेटचं कारण सांगा, लवकर होतं.

इंटरनेटच नको असेल तर दूरदर्शन. २००७च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या स्पर्धांचा सिग्नल खासगी हक्कदाराला प्रसार भारतीला द्यावा लागतो, आणि ऑलिंपिक, एशियाई, राष्ट्रकुल या त्यात येतात. मेख अशी की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर असा सिग्नल दूरदर्शनला फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि डीडी फ्री डिशवर दाखवता येतो. म्हणून घरात महागडं केबल असूनही डीडीवर दुसराच कार्यक्रम दिसतो, आणि गावाकडे मासिक भाडं नसलेल्या छत्रीवर काका सामना बघत असतात.

पायरी ६: काय चाललंय ते कळण्यापुरते नियम

चित्र लागलं, पण गुणफलक कळत नसेल तर पाच मिनिटांत कंटाळा येतो. तीन खेळांपुरतं सांगतो.

कुस्ती. महाराष्ट्र केसरीतली गादीवरची कुस्ती ज्यांनी बघितली आहे त्यांना अर्धं काम झालेलं आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे तीस सेकंद. खांदे टेकले की चितपट, खेळ खलास. फ्री स्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली तरी खलास. ताबा मिळवला की २, पाठ गादीकडे वळवली की २ किंवा जास्त, बाहेर ढकललं की १. नवख्याला कोड्यात टाकतो तो रिपेचाज. पहिल्याच फेरीत हरलेला पैलवान संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा गादीवर दिसतो, कारण त्याला हरवणारा अंतिम फेरीत गेला. अशा हरलेल्यांना कांस्यासाठी आणखी एक वाट मिळते, आणि प्रत्येक वजनगटात कांस्यपदकं दोन असतात. म्हणून आपला पैलवान सकाळी हरला की लगेच टीव्ही बंद करायचा नाही. त्याला हरवणाऱ्याची पुढची कुस्ती बघायची आणि त्याच्याच बाजूने ओरडायचं. प्रक्षेपण तीन-चार गाद्यांचं वेगवेगळं असतं, गादी अ, ब, क अशा नावांनी. आपली कुस्ती कुठल्या गादीवर आणि कितवी ते यादीत आधी बघा, नाहीतर शेजारची गादी बघत बसाल.

नेमबाजी. ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून प्रत्येकी २० गोळ्या, पूर्ण अंकांत, ६००पैकी. स्वप्नील पॅरिसमध्ये ५९० गुणांनी सातवा आला होता. आठजण अंतिम फेरीत जातात आणि तिथे पाटी पुन्हा कोरी: सातवा आणि पहिला एकाच रेषेवर. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. पॅरिसच्या ४४ गोळ्यांत त्याचे ४५१.४ झाले, म्हणजे गोळीमागे सव्वादहाच्या किंचित वर. उभ्याने झाडायच्या गोळ्यांमध्ये क्रम धडाधड बदलतो, कारण रायफल सगळ्यात जास्त तिथेच हलते. आधीच्या दोन स्थितींत पाचवा-सहावा असणाऱ्यावरून नजर काढू नका. अंतिम फेरीचे नियम महासंघ अधूनमधून बदलतो, तेव्हा मोसमाच्या पहिल्या विश्वचषकात समालोचन कान देऊन ऐका.

तिरंदाजी. रिकर्व्ह, म्हणजे ऑलिंपिकमधल्या नेहमीच्या बिनकप्पीच्या धनुष्याची, वैयक्तिक लढत सेटवर: ७० मीटरवरून तीन-तीन बाण, सेट जिंकला की २, बरोबरी १, आधी ६ होतील तो विजेता, ५-५ झालं तर एकच बाण. कंपाउंड वेगळं: ५० मीटर, १५ बाण, सरळ बेरीज १५०पैकी. बर्लिनमध्ये ओजस १५०-१४९ने जिंकला आणि आदिती १४९-१४७ने. म्हणजे कंपाउंडमध्ये एक नऊ पडला की श्वास अडकतो. कंपाउंड आजवर ऑलिंपिकमध्ये नव्हतं. लॉस एंजेलिसमध्ये मिश्र सांघिक प्रकार येतो आहे. आपल्याकडच्या प्रेक्षकाने पुढची दोन वर्षं एकच गोष्ट धरायची तर कंपाउंडचे विश्वचषक धरा, असं आमचं मत.

पात्रतेचंही एक गणित आहे. नेमबाजीत जागा देशाला मिळते, खेळाडूला नाही. स्वप्नीलने २०२२च्या कैरो जागतिक स्पर्धेत चौथा येऊन भारतासाठी जागा मिळवली, तरी पॅरिसला कोण जाणार ते २०२४च्या देशांतर्गत चाचण्यांनी ठरलं. ॲथलेटिक्समध्ये ठरलेली वेळ किंवा जागतिक क्रमवारी खेळाडूच्या स्वतःच्या नावावर असते. हे ठाऊक असलं की एखाद्या जागतिक स्पर्धेतला चौथा क्रमांकही उठून बसून बघण्यासारखा का असतो ते कळतं.

काय बिघडतं आणि का

निकाल आधीच कळतो. ॲपवरचं चित्र मैदानापेक्षा अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त मागे असतं, कारण चित्र छोट्या तुकड्यांत येतं आणि अडकू नये म्हणून ॲप काही तुकडे साठवून मग दाखवतं. भाला अजून हातात आहे आणि सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदन सुरू. अंतिम फेरीपुरत्या सगळ्या सूचना बंद करा, ऑलिंपिक्स ॲपच्यासुद्धा.

चित्र काळं, आवाज चालू. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला की हे होतं. नक्कल रोखणारी सुरक्षा केबल किंवा मधला ॲडॉप्टर ओळखत नाही. केबल बदलून बघा, ॲडॉप्टर काढा, नाहीतर टीव्हीवरचं ॲप वापरा.

नेट जोरात, तरी चित्र धूसर. काही स्वस्त फोनमध्ये व्हिडिओ सुरक्षेची वरची पातळी नसते, मग पैसे भरलेलं ॲपही त्यावर साध्या दर्जाच्या वर जात नाही. प्लॅन वाढवून फरक पडणार नाही. दुसरं यंत्र वापरा.

टीव्हीवर ॲप उघडतच नाही. टीव्हीची तारीख-वेळ बघा. बरेच दिवस प्लग काढून ठेवलेल्या टीव्हीचं घड्याळ मागे पडतं, आणि तारीख चुकली की सुरक्षित जोडणी नाकारली जाते. तारीख आपोआप घेण्यावर ठेवा, टीव्ही बंद-चालू करा.

जुनी लढत सापडत नाही. शोधपट्टीत भारतीय नाव टाकून हाती काही लागत नसेल तर स्पर्धेचं शहर, वर्ष आणि प्रकार टाका, 'पॅरिस २०२४ पुरुष भालाफेक' असं, इंग्रजीत. पूर्ण लढत भारतात बंद असली तरी निकालाचं पान उघडतं आणि त्यात प्रत्येक फेकीचा आकडा असतो. त्या पानावर दिसेल की नीरज चोप्राच्या सहापैकी एकच फेक वैध ठरली, दुसरी, ८९.४५ मीटर, बाकी पाच फाउल.

आणि प्रत्यक्ष बघायचं असेल तर बालेवाडी आहेच. १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात २००८ची राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाली, २०१९ची खेलो इंडिया युवा स्पर्धाही. राज्य आणि राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धांना तिथे बऱ्याचदा तिकीट नसतं. वेळापत्रक संबंधित राज्य संघटनेच्या पानावर येतं, बहुतेकदा दोन-चार दिवस आधी. पाण्याची बाटली, टोपी आणि नेमबाजीला जात असाल तर कानात घालायला बोळे न्या.